पाणी सहा महिन्यांचे, बोट बारा महिन्यांची

दसऱ्याच्या सुमारास एकबुर्जी धरणाच्या भिंतीवर उभे राहिले, की पाणी सांडव्याला टेकलेले दिसते आणि पाहणाऱ्याच्या मनात येते, इथे आपली एखादी बोट असती तर! त्याच भिंतीवर मे महिन्यात गेले तर पाणी दूर सरकलेले असते, काठाचा गाळ तडकलेला असतो आणि एरवी पाण्याखाली असणारे झाडांचे खुंट उघडे पडलेले असतात. वाशीम जिल्ह्यातल्या कुटुंबाने जुनी मोटरबोट घ्यावी का, आणि घ्यायचीच तर कोणती, या प्रश्नाचा आढावा ही दोन दृश्ये समोर ठेवूनच घ्यावा लागतो.

अपेक्षा साधी असते. सकाळी दोघांनी गळ टाकून बसावे, दुपारी मुलांना दोरीमागच्या ट्यूबवर फिरवावे, संध्याकाळी बोट घरी आणावी किंवा काठावर झाकून ठेवावी. नवी बोट परवडत नाही, म्हणून जुनी. या अपेक्षेचे उत्तर मात्र एक नाही. जाणकारांत वेगवेगळी मते आहेत आणि प्रत्येक मतामागे काही अनुभव आहे.

प्रश्न आला कुठून

नाव या भागाला नवी नाही. पैनगंगा जिल्ह्याच्या दक्षिण कडेने वाहते आणि तिच्या काठच्या भोई मंडळींचे पाण्याशी नाते पिढ्यांचे आहे. तलावांवर आजही लाकडी डोंगा, थर्माकोलचा तराफा किंवा ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब घेऊन जाळे टाकणारे दिसतात. या साधनांना इंजिन लागत नाही, आणि एक माणूस ती खांद्यावर घेऊन चालू शकतो. नवी आहे ती हौसेची बोट.

तिची चर्चा वाढण्याची कारणे अलीकडची आहेत. तारकर्ली-मालवणला जाऊन आलेल्या कुटुंबांनी बनाना राइड पाहिली. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि त्यात जमीन व हवेबरोबर पाण्यावरचे खेळही आले. समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांतून गेला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या दिशेने पूर्ण खुला झाला. किनाऱ्यावरची बोट टेम्पोत घालून विदर्भात आणणे त्यामुळे पूर्वीइतके अवघड राहिले नाही. शेवटचे कारण कराचे. हौसेच्या आणि खेळाच्या नौकांवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्क्यांवर गेला, तर मासेमारीच्या नौकेवर तो ५ टक्केच आहे. नव्या बोटीची किंमत चढली, की जुन्या बोटीकडे नजर वळते.

आधी पाणी कोणते

जिल्ह्यात तीन मध्यम प्रकल्प आहेत: वाशीमजवळचा एकबुर्जी, सोनल आणि कारंजा भागातला अडाण. तिन्हींत अडाण मोठा. याशिवाय लघुप्रकल्प आणि पैनगंगेवरच्या बॅरेजच्या मालिकेत अडवलेले लांबट, अरुंद पाणी आहे. मोठा जलाशय हवा असेल तर जिल्ह्याबाहेर पैनगंगेवरच्याच इसापूरकडे पाहावे लागते.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, एकबुर्जीवर वाशीम शहराची आणि अडाणवर कारंजाची तहान भागते. म्हणजे बोटीसाठी सर्वांत सोयीचे वाटणारे पाणी हेच पिण्याचे पाणी आहे. दुसरी, साठा पावसाळ्यात भरतो आणि सिंचन, पिण्याचे पाणी व बाष्पीभवन यांनी उन्हाळ्यापर्यंत उतरतो. इंजिनाचा पंखा निर्धास्त फिरेल इतके पाणी साधारण वर्षाच्या अर्ध्या काळातच मिळते. पुढे बुडीत क्षेत्रात गाळपेर होते, आणि बोट ओढायची तर शेतातून ओढावी लागते. तिसरी, समुद्राच्या मानाने अंतरे लहान आहेत. ताशी ४० किलोमीटरने धावणारी बोट मिनिटाला साडेसहाशे मीटरहून जास्त जाते. दोन किलोमीटरचा सरळ पट्टा तीन मिनिटांत संपतो आणि वळावे लागते. किनाऱ्यावर शोभणारी ताकद इथे बरेचदा नुसते वजन ठरते.

एकच बोट, दोन कामे: तीन मते

पहिले मत म्हणते, एकाच बोटीत दोन्ही हौशी भागवाव्यात. परदेशात मासेमारी आणि स्कीइंग दोन्हींसाठी बनवलेल्या बोटींचा वेगळा वर्गच आहे: पुढे गळासाठी मोकळी जागा, मध्ये बसायला बाके, मागे दोरी बांधायला कडी. अशा १५-१६ फुटी फायबर बोटीला ४० ते ६० अश्वशक्तीचे इंजिन असते. ट्यूब ओढायला ताशी २५-३० किलोमीटर पुरतात, मोठ्या माणसाला स्कीवर उभे करायला ४०च्या पुढे जावे लागते, आणि ही बोट दोन्ही करते. बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की घरातले सगळे एकत्र येणार नसतील तर बोट काठावरच सुकते. मासे नको असलेल्यांसाठी खेळ आणि खेळ नको असलेल्यांसाठी मासे, असे असले तरच ती वापरात राहते.

दुसरे मत उलटे. दोन कामांची बोट दोन्हींत अर्धी पडते, असे ते सांगते. मासेमारीला उथळ पाण्यात शिरणारा सपाट तळ हवा, उभे राहिले तरी न डगमगणारी रुंदी हवी आणि शांतता हवी. ओढण्याच्या खेळाला लाट कापणारा व्ही आकाराचा तळ आणि ताकद हवी. व्ही आकाराचा तळ पाण्यात खोल बसतो आणि थांबलेला असताना डुलतो. म्हणून जिल्ह्यातल्या पाण्यासाठी १२ ते १४ फुटी सपाट तळाची ॲल्युमिनियम किंवा फायबरची बोट, ८ ते १५ अश्वशक्तीचे इंजिन आणि मुलांसाठी दोन कयाक एवढे पुरे, असे हे मत मानते. वेगाचा खेळ वर्षातून एकदा तारकर्लीला किंवा रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर जाऊन भाड्याने खेळावा.

तिसरे मत घेऊच नका म्हणणाऱ्यांचे, आणि ते तितकेच गंभीर आहे. पाणी सहा महिन्यांचे. विमा, तपासणी, सुटे भाग आणि उंदरांनी कुरतडलेली वायर मात्र बारा महिन्यांची. ४० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण १५ लिटर पेट्रोल घेते. वर्षातले दहा-बारा रविवार वापर होणार असेल तर चार कुटुंबांनी मिळून बोट घ्यावी किंवा भाड्याची वाट धरावी. यावर उत्तर दिले जाते ते असे, की सामायिक बोटीला मालक चार असतात आणि इंजिन धुणारा एकही नसतो. ट्रॅक्टर भागीत घेतलेल्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

सांगाडा: फायबर की ॲल्युमिनियम

जुन्या बाजारात फायबरच्या बोटी जास्त मिळतात. फायबर दुरुस्त करणे सोपे, कारण रेझीन आणि मॅट यांचे काम विदर्भातही पाण्याच्या टाक्या व वाहनांचे भाग बनवणाऱ्यांना येते. धोका आत असतो. अनेक जुन्या फायबर बोटींच्या मागच्या फळीत, म्हणजे इंजिन ज्यावर टांगतात त्या ट्रान्सममध्ये, प्लायवूडचा गाभा असतो. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरले की तो आतून कुजतो आणि वरचा रंग चकचकीत राहतो.

म्हणून बोट पाहायला जाणारे खिशात रुपयाचे नाणे ठेवतात. मागच्या फळीवर चार-चार बोटांच्या अंतराने नाणे वाजवत जायचे. कोरड्या जागी टणटण असा कोरडा आवाज येतो. कुजलेल्या जागी ओल्या गोणीवर मारल्यासारखा थप्प. मग इंजिन अर्धे वर उचलून त्याचा खालचा भाग हाताने वर-खाली दाबायचा. फळी जराही वाकली, इंजिनाच्या बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले, तर किंमत कितीही उतरली तरी परत फिरावे, यावर जवळपास सगळ्यांचे एकमत आहे. फळी बदलणे म्हणजे निम्मी बोट नव्याने बांधणे.

ॲल्युमिनियम हलके. १४ फुटांचा नुसता सांगाडा शंभर किलोच्या आसपास भरतो, चार माणसे तो दगडी पिचिंगवरून उचलून पाण्यात नेऊ शकतात. बोट उतरवायला बांधलेला उतार नसलेल्या काठावर हे मोठेच सुख. खुंटाला धडकला तर तो चेपतो, फुटत नाही. पण रिव्हेट ढिले होतात, आणि खाऱ्या पाण्यात राहिलेल्या ॲल्युमिनियमला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. आत पाणी भरून बोट रात्रभर ठेवली की सकाळी खाली पडलेले ओले डाग गळती दाखवतात. लाकडी बोट स्वस्त आणि देखणी, पण वर्षातले सहा महिने कोरडी राहिली की सांधे उघडतात. वाशीमच्या उन्हाळ्यात हा दोष दुप्पट होतो.

इंजिन: जुना वाद, नवे पेट्रोल

बोटीमागे टांगायचे पेट्रोल इंजिन शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने ते १९०९ पासून बाजारात रुजवले. त्याच्या नावाचे इंजिन बनवणे २०२० मध्ये बंद झाले. जुना माल घेणाऱ्यासाठी यात धडा आहे. नाव कितीही मोठे असो, भाग मिळतात का हे आधी विचारावे.

टू-स्ट्रोकचे समर्थक सांगतात, ४० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक सुमारे ७२ किलोचे असते, त्याच ताकदीचे फोर-स्ट्रोक शंभरीच्या जवळ जाते. टू-स्ट्रोकची रचना सोपी. यामाहाच्या एन्ड्यूरोसारखी इंजिने किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या ओळखीची, त्यामुळे भाग मिळतात. जुनी लुना-राजदूत उघडलेला मिस्त्रीही त्यात हात घालू शकतो. विरोधी बाजूचा मुद्दा धुराचा आणि पाण्याचा. कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक न जळताच बाहेर पडतो. अमेरिकेत लेक टाहोवर १९९९ पासून अशा इंजिनांना बंदी आली, ती याच कारणाने. पिण्याच्या पाण्यावर हा मुद्दा बाजूला सारता येत नाही.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पंपावरचे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे झाले आहे. बहुतेक बोट-इंजिन कंपन्या आपल्या इंजिनांना १० टक्क्यांची मर्यादा सांगतात. इथेनॉल हवेतली ओल ओढते. बोट महिनोन्महिने उभी राहिली की टाकीत पाण्याचा थर खाली बसतो आणि जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. टाकी रिकामी करून ठेवणे, पाणी गाळणारा फिल्टर बसवणे आणि नळ्या बदलणे एवढे उपाय आज सांगितले जातात. त्याने जुने इंजिन किती वर्षे तगेल, यावर मतभेद आहेत.

तिसरा पर्याय विजेचा. १२ व्होल्टची छोटी मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम दोन तास. गळ टाकून हळू सरकायला ती उत्तम, ट्यूब ओढायला निरुपयोगी.

इंजिन तपासताना

कुठलेही मत असो, तपासणीची रीत सर्वांची सारखी. इंजिन थंड असतानाच पाहायला जावे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर का, ते विचारावे. पिंपात बुडवून किंवा पाणी खेचण्याच्या छिद्रांवर नळीचे कप लावून सुरू केले की मागून पाण्याची बारीक धार जोरात आली पाहिजे. ती मंद असेल तर पाणी खेचणारा रबरी इम्पेलर झिजला आहे. तो स्वस्तात बदलतो, पण त्याच्याविना इंजिन किती काळ तापले हे कुणी सांगत नाही. मग खालचा स्क्रू सोडून गिअरचे तेल बोटावर घ्यावे. काळपट असेल तर चालते. दुधाळ, चहासारखे दिसले तर सील फुटून पाणी आत गेले आहे. सिलिंडरांचा दाब मोजावा. आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा, तो दहा टक्क्यांच्या आत हवा. समुद्रावरून आलेल्या इंजिनाचे झाकण काढून बोल्टांवर पांढरी बुरशी आहे का ते पाहावे. ताजा रंग मारलेले जुने इंजिन हे लग्नात मेकअप केलेल्या नवरदेवासारखे. खरे रूप दुसऱ्या दिवशी कळते.

कागद आणि हक्क

१९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा आला. त्यानुसार यांत्रिक बळावर चालणाऱ्या नौकेला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. राज्यात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहे. म्हणून जुनी बोट घेताना नोंदणीतले नाव, इंजिनावर कोरलेला क्रमांक आणि तपासणीची मुदत हे तिन्ही जुळवून पाहावे. इंजिन बाहेरदेशचे असेल तर सीमाशुल्काचा कागद मागावा.

बोट कायदेशीर झाली म्हणून पाणी खुले होत नाही. जलाशय जलसंपदा विभागाचा असतो आणि मासेमारीचा हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. संस्थेने मत्स्यबीज सोडलेले असते. कतला, रोहू, मृगळ हे तिचे पीक असते. हौशी गळाला लागलेला तीन किलोचा कतला संस्थेच्या हिशेबात शेतातून उपटलेल्या तुरीइतकाच खरा असतो. शिवाय वेगाने जाणारी बोट लावलेले जाळे कापते. संस्थेचे म्हणणे असे, की आमचे पोट यावर आहे. हौशी मंडळी म्हणतात, पाणी सार्वजनिक आहे आणि परवाना घेऊन, ठरलेल्या पट्ट्यात, ठरलेल्या दिवशी दोघांना जागा होऊ शकते. काठावर आधी संस्थेशी बोलून घेणे हा मार्ग दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखा आहे.

सुरक्षा: जिथे मतभेद नाहीत

सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण बुडाले. मे २०२४ मध्ये उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. केरळमध्ये तानूरला मे २०२३ मध्ये बावीस जणांचा बळी गेला. ती बोट मुळात मासेमारीची होती आणि तिला पर्यटनासाठी रूप बदलून वापरले जात होते. जुनी बोट घेऊन तिच्यावर छत, बाके आणि मजला चढवू पाहणाऱ्यांनी तानूरची घटना विसरू नये. वजन वर चढले की बोटीचा तोल जातो.

किती जणांनी बसावे, याला अमेरिकेत वीस फुटांखालच्या बोटींसाठी एक सोपा हिशेब आहे: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा. १४ फूट लांब आणि ५ फूट रुंद बोटीला उत्तर येते साडेचारच्या थोडे वर, म्हणजे माणसे चारच. पाचवा माणूस, तो जावई असला तरी, काठावर राहतो. प्रत्येकाच्या अंगात बांधलेले जॅकेट, चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी आणि ट्यूब ओढताना मागे पाहणारा दुसरा माणूस, यांवर दुमत नाही.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न पिण्याच्या पाण्याचा. भोपाळच्या तलावांवर यांत्रिक बोटी नकोत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२३ मध्ये दिला. दुसरीकडे साताऱ्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे येथे २०२४ मध्ये जलपर्यटन सुरू झाले. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू आहेत, आणि लहान, उतरत्या पाण्याच्या एकबुर्जी-अडाणसारख्या तलावांना कोणती लागू व्हावी हे ठरलेले नाही. दुसरा प्रश्न ठेकेदार संस्था आणि हौशी यांच्या वाट्याचा. राज्याने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिल्यावर संस्थांची बाजू भक्कम झाली आहे; हौशी मासेमारीचे स्थान तेवढे स्पष्ट झालेले नाही. तिसरा प्रश्न बाजाराचा. जुन्या मोटारीचा भाव चार ठिकाणी विचारून कळतो, जुन्या बोटीचा भाव विकणाऱ्याच्या तोंडावर असतो.

हे प्रश्न सुटेपर्यंत घेणाऱ्याच्या हाती राहतो तो क्रम: आधी पाणी, मग परवानगी, मग माणसे किती, मग सांगाडा, आणि सर्वांत शेवटी इंजिन. हा क्रम उलटा धरणारे आधी इंजिनाच्या प्रेमात पडतात आणि मग त्याला पाणी शोधत फिरतात.

म्हणून बोट पाहायला कोकणात जाण्याआधी मे महिन्यात एकदा आपला तलाव पाहून यावा. तेव्हा काठ किती दूर जातो, गाडी कुठपर्यंत येते, खुंट आणि खडक नेमके कुठे आहेत, हे सगळे उघडे असते. मोबाइलवर त्यांचे फोटो घेऊन ठेवावेत. दसऱ्याला त्यांच्या डोक्यावरून बोट न्यायची आहे. आणि गाळात पाय रोवून जाळे झटकणारा कुणी दिसला तर त्याच्याजवळ दहा मिनिटे बसावे. हा तलाव कुठे खोल आणि कुठे फसवा, हे त्याला विचारल्यावाचून बोटीचा सौदा करू नये.